नकाशावरची सरळ रेघ सोडून

दिवाळी उरकली की निघायचं, हा महाराष्ट्रातल्या लांबच्या सायकलस्वारांचा जवळजवळ ठरलेला मुहूर्त. पाऊस गेलेला असतो, पहाटे गारवा पडू लागतो, मुलांच्या सहामाही परीक्षा झालेल्या असतात आणि साहेबांकडे रजा मागायला तोंड असतं. काश्मीर ते कन्याकुमारी असा बेत असेल तर सायकल श्रीनगरला पोचवायची आणि तिथून खाली उतरत यायचं. अंतर पावणेचार हजार किलोमीटर. रोजचे ८५ किलोमीटर धरले तर ४४ दिवस, आठवड्याला एक सुटी धरली तर साधारण ५०. एवढा हिशोब वहीच्या एका पानावर मावतो, आणि बहुतेकांचं नियोजन त्या पानावरच थांबतं.

त्या पानावर नसतो तो ऋतू. देशभर सायकल चालवायची म्हणजे एका हवामानातून निघून तीन-चार हवामानांतून जायचं, आणि ती सगळी एकाच वेळी मेहेरबान असतील अशी तारीख पंचांगात नाही. माझ्या मते नियोजनाची सुरुवात इथून व्हायला हवी. सायकल कोणती, पिशव्या कुठल्या, रोज किती किलोमीटर हे सगळं नंतर.

दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात श्रीनगर सोडलं असं धरू. बनिहालच्या आसपास वरच्या डोंगरांवर बर्फ दिसू लागलेलं असतं. ते सोसता येतं. खरा त्रास जम्मू ओलांडल्यावर सुरू होतो. पंजाब-हरियाणात भाताची कापणी होऊन शेतातली धसकटं पेटलेली असतात आणि धूर दिवसचे दिवस जमिनीलगत साचून राहतो. दिल्लीची हवा वर्षातली सगळ्यात वाईट असते ती याच दिवसांत. मोटारीतला माणूस काचा लावून निघून जातो. सायकलस्वार धापा टाकत, बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा छातीत ओढत, पानिपत-सोनीपत करत जातो. फेब्रुवारीपर्यंत न जाणारा खोकला घेऊन परतलेली माणसं मला भेटली आहेत.

मग लवकर निघावं का? सप्टेंबरच्या शेवटी काश्मीर म्हणजे सुख. सफरचंदांची तोडणी चालू असते, आभाळ धुतलेलं असतं. धूर सुरू होण्याआधी पंजाब मागे पडतो. पण त्याच चालीने दक्षिणेला उतरत गेलं की नोव्हेंबरच्या मध्याला आपण तामिळनाडूत शिरतो, आणि आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो आणि डिसेंबरपर्यंत ठाण मांडून बसतो. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही याच काळातली. सेलम ते मदुराई हा टप्पा त्या पावसात काढणं अशक्य नाही, पण ओल्या बुटांत आठ दिवस काढले की पायांची जी दशा होते ती सहन करत मुक्काम गाठणं यात फार काही मिळवल्यासारखं वाटत नाही.

उलट दिशेने निघण्याचा तिसरा पर्याय आहे, आणि तो मराठी माणसाने चाळीस वर्षांपूर्वी वापरून दाखवला आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे ‘भारत जोडो’ यात्रा घेऊन निघाले ते कन्याकुमारीहून, काश्मीरच्या दिशेने. शंभर तरुण आणि सोळा तरुणी, सगळे सायकलींवर. स्वतः बाबांची पाठ इतकी दुखावलेली होती की त्यांना बसता येत नसे. ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. त्या यात्रेमागे देश तुटत असल्याची वेदना होती, हवामान नव्हे. तरी सायकलस्वाराच्या डोळ्यांनी ती तारीख पाहिली की ती किती नेमकी होती ते कळतं. डिसेंबर संपता संपता तामिळनाडूचा पाऊस ओसरतो. जानेवारीत दख्खन कोरडं आणि थंड. फेब्रुवारीत उत्तरेचं धुकं विरळ होऊ लागतं, आणि थोडं रेंगाळत गेलं तर काश्मीरचा रस्ता बर्फातून मोकळा होण्याच्या सुमारास तिथे पोचता येतं. एकच खोट आहे. हिवाळ्यातला वारा दख्खनवर ईशान्येकडून येतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गंगेच्या मैदानात वायव्येकडून. म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावर किंवा कुशीवर. सायकलवर समोरचा वारा चढापेक्षा वाईट, कारण चढाला माथा असतो.

ज्यांना दोन महिन्यांची रजा मिळूच शकत नाही, त्यांच्यासाठी मी गेली काही वर्षं एक चौथा पर्याय सांगत आलो आहे: प्रवासाचे दोन तुकडे करावेत. या रस्त्यावर नागपूर जवळजवळ मध्यावर येतं. पहिला तुकडा श्रीनगर ते नागपूर, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघून. पश्चिम राजस्थानातून मोसमी पावसाची माघार साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि विदर्भातून तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जातो. म्हणजे परतीचा पाऊस पुढे आणि आपण त्याच्या मागे. धूर नाही, धुकं नाही, झाडं हिरवी, नद्या भरलेल्या. दिवाळीला माणूस घरी. दुसरा तुकडा नागपूर ते कन्याकुमारी, नाताळनंतर किंवा थेट जानेवारीत. प्रत्येकी तीन-साडेतीन आठवडे. सलग न केल्याची रुखरुख काहींना वाटते, ती मी समजू शकतो. पण देश पाहायचा असेल तर दोन्ही अर्धे भाग त्यांच्या उत्तम ऋतूत पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

*

तारीख ठरली की रस्ता. इथे बहुतेकांना काही ठरवायचं आहे असंच वाटत नाही, कारण राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे. श्रीनगर, जम्मू, पठाणकोट, लुधियाना, अंबाला, दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, नागपूर, हैदराबाद, बंगळूरु, मदुराई, कन्याकुमारी. पूर्वीच्या अनेक महामार्गांचे तुकडे जोडून त्याला हा एक नंबर दिला. विदर्भातली जुनी माणसं नागपूरच्या रस्त्याला अजून सात नंबरच म्हणतात.

विक्रमासाठी हा रस्ता उत्तम. नाशिकच्या ओम महाजनने २०२० मध्ये श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर आठ दिवस आणि काही तासांत कापलं तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. मागे-पुढे गाड्या, डॉक्टर, मेकॅनिक, झोप तास-दोन तासांची. त्या जिद्दीला मानाचा मुजरा. पण तो वेगळा खेळ आहे, आणि रजा टाकून निघालेल्या माणसाने त्यावरून आपलं वेळापत्रक बनवू नये.

चौपदरी महामार्गाने गावांशी नातं तोडलं आहे. प्रत्येक गावाला वळसा, प्रत्येक चौकावर उड्डाणपूल. चहासाठी थांबायचं तर दोन किलोमीटर आत जावं लागतं. पुढच्या वळणापर्यंतचा फेरा वाचावा म्हणून ट्रॅक्टर आणि मोटारसायकली कडेच्या पट्टीतून उलट्या येतात, आणि सायकलही नेमकी त्याच पट्टीत असते. सर्व्हिस रोड सुरू होतो आणि कसलीही सूचना न देता नाल्यापाशी संपतो. सायकलस्वाराला सगळ्यात जास्त धोका मी पाहिला आहे तो उड्डाणपुलाच्या तोंडाशी, जिथे डावीकडे उतरणारा ट्रक आणि सरळ जाणारी सायकल एकमेकांना छेदतात.

आणि नव्या द्रुतगती मार्गांवर तर आपल्याला जागाच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, दिल्ली–मुंबई: कुठेच सायकलला प्रवेश नाही. ज्या देशात शाळकरी मुली, दूधवाले, गवंडी, रात्रपाळीचे कामगार आजही सायकलवर असतात, तिथे सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी सायकलला मनाईची पाटी लागते, याचा मला राग येतो. वेगाच्या रस्त्यावर सायकल नको हे ठीक. पण शेजारून जायला दुसरी धड वाट ठेवायला हवी होती, ती कुणी मागितलीही नाही.

म्हणून नियोजनातलं खरं काम जुना रस्ता शोधण्याचं. जवळजवळ प्रत्येक महामार्गाच्या उजव्या-डाव्या हाताला तो असतो: गावाच्या मधून जाणारा, दुतर्फा चिंचा किंवा कडुलिंब असलेला, बाजाराच्या दिवशी तुंबणारा. फोनवरच्या नकाशात मोटारीचा मार्ग मागितला तर तो कधीच दिसत नाही. उपग्रहचित्र मोठं करून झाडांच्या दुहेरी ओळी शोधाव्यात, त्यांच्या मध्ये बहुधा जुना रस्ता सापडतो. मग बाजारपेठेची गावं एकमेकांना जोडत जावं. अंतर वाढतं. वाढू द्यावं. बाबा आमट्यांच्या त्या यात्रेचं अंतर ५,०४२ किलोमीटर झालं होतं, सरळ रस्त्यापेक्षा बाराशे-तेराशे किलोमीटर जास्त. त्यांना माणसांपर्यंत पोचायचं होतं, आणि माणसं सरळ रेघेवर राहत नाहीत.

हरियाणात तर जुना रस्ता किती जुना आहे त्याच्या खुणा उभ्या आहेत. कर्नाल, पानिपत, सोनीपतच्या परिसरात विटांचे कोसमिनार दिसतात. मोगल काळात दर कोसाला एक मिनार आणि मजलेमजलेवर सराई अशी ती आखणी होती. तीनेक किलोमीटरवर खूण, दिवसाच्या चालीवर मुक्काम. रस्ता माणसाच्या आणि जनावराच्या दमाला बेतलेला होता, आणि सायकलचा दमही त्याच मापाचा.

पानिपतला तर थांबायचंच. काला आंबच्या स्मारकापाशी १४ जानेवारी १७६१ची आठवण घेऊन उभं राहिलं की पुढचा रस्ता मराठी माणसाला वेगळाच दिसू लागतो. ग्वाल्हेर शिंद्यांचं, झाशी लक्ष्मीबाईंची, सागर गोविंदपंत बुंदेल्यांचं, नागपूर भोसल्यांचं, आणि पार खाली आंध्रात अनंतपूरच्या अलीकडे मुरारराव घोरपड्यांचा गुत्तीचा किल्ला. ज्या वाटेने फौजा महिनोन् महिने चालत गेल्या ती वाट आपण पायांच्या जोरावर उतरतो आहोत, हे कळत असलं की रोजचे टप्पे आपोआप विचारपूर्वक पडतात. सागरला अर्धा दिवस जास्त हवा, गुत्तीला किल्ला चढायला सकाळ हवी, असं वहीत लिहिलं जातं.

टप्पे पाडायची मला सर्वांत आवडणारी रीत नद्यांची आहे. झेलम, चिनाब, तवी, रावी, बियास, सतलज, यमुना, चंबळ. मग बरमानला नर्मदा, छपाऱ्याला वैनगंगा, नागपूरच्या अलीकडे कन्हान. पुढे वर्धा, पैनगंगा, निर्मळच्या पुढे गोदावरी, कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा, कावेरी, मदुराईत वैगई, तिरुनेलवेलीत ताम्रपर्णी. एवढ्या नद्या एका प्रवासात, आणि प्रत्येक पुलावर सायकल टेकवून खाली वाकून पाहता येतं. मोटारीला पुलावर थांबायला परवानगी नसते. नदीकाठचं गाव हे मुक्कामाला बहुधा चांगलं गाव असतं: घाट असतो, धर्मशाळा असते, सकाळी लवकर उठणारी माणसं असतात.

खवासा ते मनसरच्या दरम्यान रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. तिथे वाघ-बिबट्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच खांबांवर उचलून घेतला आहे. हा भाग भर दिवसा पार करावा आणि मध्ये उतरू नये. विदर्भात पुढे हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा करत पैनगंगा ओलांडली की तेलंगण.

*

काश्मीरचा भाग वेगळा सांगायला हवा, कारण तिथे योजना रोज बदलते. रामबन ते बनिहाल हा पट्टा दरडींचा. पावसाने किंवा बर्फाने रस्ता तासन् तास, कधी दिवसेंदिवस बंद होतो. वेळापत्रकात इथे दोन दिवस मोकळे ठेवावेत. काझीगुंड–बनिहाल दरम्यान साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ मध्ये खुला झाला. त्याआधी १९५६ पासूनचा जवाहर बोगदा होता. पुढे चेनानी–नाशरीचा नऊ किलोमीटरहून लांब बोगदा २०१७ पासून आहे. एवढ्या लांब बोगद्यात सायकल चालवायची गोष्ट डोक्यातून काढून टाकावी: धूर, आवाज, अरुंद कडा. पहिल्या ठिकाणी सायकल टेम्पोत टाकून पलीकडे जावं. दुसऱ्या ठिकाणी मात्र बटोत, पटनीटॉप, कूद असा जुना रस्ता आहे, दोन हजार मीटरवर नेणारा, देवदारांतला. बोगद्याने वाहतूक ओढून घेतल्यामुळे तो आता निवांत झाला आहे. लांबच्या वाटेने जावं असं जेव्हा मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा उतार असतो.

एक बारीक गोष्ट, पण पहिल्याच दिवशी अडवणारी: इतर राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतात. निघण्याआधी महिनाभर ते करून घ्यावं. आणि घरी सांगून ठेवावं की एखाद्या संध्याकाळी फोन आला नाही तर घाबरायचं कारण नाही.

*

आता सायकल. बाजारात हजारो रुपयांपासून लाखांपर्यंत काहीही मिळतं, आणि या विषयावर माणसं भांडतात. माझं मत अगदी साधं आहे. जी सायकल रस्त्याकडेच्या दुकानात उभी राहू शकते ती न्यावी. लोखंडी किंवा साध्या अॅल्युमिनियमची फ्रेम, मागे पक्कं कॅरियर लावायला भोकं, ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर, आणि चढासाठी असा गियर की ज्यात पुढच्या चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा कमी असतील. पंधरा किलो सामान लादून पटनीटॉप चढताना याची किंमत कळते. मागच्या चाकाला ३६ स्पोक असतील तर उत्तम. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे. धान्याचं पोतं आणि वर एक माणूस वाहायची त्यांची ताकद तिथून यायची.

पंक्चर काढणारा भारतात सगळीकडे आहे. पण त्याच्याकडे सोल्युशन, पॅच, पंप आणि हात असतात, तुमच्या मापाची ट्यूब नसते. पातळ तोंडाचा वॉल्व्ह त्याच्या पंपाला बसत नाही. दोन ट्यूब, वॉल्व्हचं अडॅप्टर, गुंडाळता येणारा एक टायर, ब्रेक आणि गियरच्या एकेक तारा, ब्रेकपॅड, चेनच्या दोन जोडकड्या, मागच्या चाकाचे चार-पाच स्पोक आणि मागचा गियर जिथे लटकतो तो छोटा धातूचा तुकडा एवढं बरोबर हवंच. हा शेवटचा तुकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि वाकला तर मोठ्या शहराशिवाय कुठे मिळत नाही. निघण्याआधी एखाद्या जुन्या मेकॅनिककडे दोन संध्याकाळी बसून चाकाचा आउट काढायला शिकावं. हिंगणघाटजवळच्या एका दुकानात मी पाहिलं: म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्पोक बोटाने वाजवून, नुसत्या आवाजावरून कुठला सैल आहे ते ओळखलं. असं ज्ञान असलेली माणसं कमी होत चालली आहेत.

या रस्त्यावरच आपल्या सायकलींचं माहेरही लागतं. लुधियानात १९५६ पासून हीरो सायकल आहे, आणि सुटे भाग बनवणारे असंख्य लहान कारखाने गल्लीगल्लीत. सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस सुरू झाली. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनी, बंद पडला. लुधियानात एक दिवस ठेवावा. ज्या यंत्रावर बसून देश ओलांडतो आहोत ते कुठल्या हातांतून आलं ते पाहायला काय हरकत आहे?

शरीराच्या तयारीबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. एका दिवसात दोनशे किलोमीटर मारता येणं आणि सलग सहा दिवस रोज ऐंशी मारता येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बीआरएमच्या शर्यती नसलेल्या लांबच्या फेऱ्या, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किलोमीटर, वीस तासांत ३००, यांतून रात्र, झोप आणि कंटाळा ओळखीचे होतात. त्यांचा उपयोग आहेच. पण शरीर बिघडतं ते चौथ्या दिवशी. जांघेतली साल निघते, तळहाताच्या कडेच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागतात, गुडघ्याच्या वाटीत ठणका. सीटची उंची अर्ध्या सेंटिमीटरने चुकलेली असते ती पहिल्या दिवशी कळत नाही, चौथ्या दिवशी कळते.

म्हणून सराव सलग दिवसांचा, पूर्ण सामानासह. महाराष्ट्रातल्या माणसाला यासाठी कोकणच्या किनाऱ्यासारखी शाळा नाही. अलिबागकडून निघून आगरदांडा–दिघी, बाणकोटच्या खाडीवर बागमांडले–वेसवी, मग दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड असे तरीने खाडीमागून खाडी ओलांडत रत्नागिरी आणि पुढे मालवण. नकाशात हा रस्ता समुद्रसपाटीला दिसतो, पण दर खाडीला उतार आणि पलीकडे उभा चढ. सहा-सात दिवसांत पाय, पाठ, ब्रेक, कॅरियरचे नट, सगळ्याची परीक्षा होते. शिवाय जेट्टीवर तर येईपर्यंत वाट बघत बसायची सवय लागते, ती पुढे फार कामाला येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशव्या उलट्या करून बघावं, आतापर्यंत न लागलेलं काय काय आहे ते. त्यातलं पाऊस, आजारपण आणि दुरुस्ती यांसाठीचं सोडून बाकीचं कुरिअरने घरी पाठवावं.

दिवसाची आखणी उत्तरेत आणि दक्षिणेत वेगळी पडते. उत्तरेत थंडीच्या दिवसांत सकाळी आठपर्यंत ना चहा मिळतो ना समोरचं दिसतं. रात्री पराठे बांधून घ्यावेत. नागपुरात सकाळी तर्री-पोहे. गोदावरीच्या खाली उतरलं की पहाटे सहाला वाफाळती इडली तयार असते आणि दिवस एकदम लांब होतो. पन्नास किलोमीटर दहाच्या आत, मग ऊन उतरेपर्यंत सावली, मग उरलेले तीस. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, मीठ-साखरेसह. नुसतं पाणी पीत राहून दुपारी चक्कर येणारे तरुण मी पाहिले आहेत.

*

रात्री कुठे राहायचं हा प्रश्न घरचे सर्वांत आधी विचारतात. पंजाब-हरियाणात गुरुद्वारा. सायकल आत घ्या म्हणतात, आधी लंगरमध्ये बसवतात, मग चौकशी. तिथे डोकं झाकावं, जाताना भांडी घासायला हात लावावा. वाकडी वाट करून नांदेडला हुजूर साहिबलाही जाता येतं, आणि निर्मळहून ती वाट फार वाकडी नाही. मध्य प्रदेशात धर्मशाळा, ढाब्यावरची खाट, पेट्रोलपंपाची मागची खोली. दक्षिणेत जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर स्वच्छ साधं लॉज. दिवसाला हजार-बाराशे रुपये हाताशी असले की खाणंपिणं आणि निवारा दोन्ही बरं भागतं. मुक्कामाचं आगाऊ आरक्षण फक्त मोठ्या शहरांत करावं. इतरत्र ते बेडी होतं: पाय थकलेत, गाव आवडलंय, तरी पुढे चाळीस किलोमीटर खोलीचे पैसे भरलेत म्हणून जावं लागतं.

एकट्याने जाणाऱ्या बाईला यातलं निम्मं जसंच्या तसं लागू होत नाही. सातारा आणि पुण्याच्या ज्या बायका लांबचे प्रवास करतात त्यांच्याशी बोलताना हे पुन्हा पुन्हा समोर आलं. त्यांचा टप्पा अंतरावर नाही, स्वच्छतागृहावर ठरतो. पेट्रोलपंपावर ते असायला हवं, पण कुलूप असतं आणि किल्ली मागावी लागते. मुक्कामाला अंधाराच्या दोन तास आधी पोचायचं, म्हणजे दिवसाचे दहा-पंधरा किलोमीटर कमी. आज कुठे राहणार हे वाटेत कुणालाही सांगायचं नाही, नेहमी पुढच्या गावाचं नाव सांगायचं. पाणी कमी प्यायचा मोह होतो, आणि तो आजारी पाडतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीत एकटीने जगाची फेरी पुरी करून आली तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. जिचा अभिमान वाटला तिच्याच देशाच्या रस्त्यावर एक उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह मिळणं अजून नशिबावर सोडलेलं आहे.

लांब सायकल चालवणं ही आपल्याकडे नवी हौस नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ मध्ये ती पुरी करून परत आले. इराण, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. फोन नाही, उपग्रहाचा नकाशा नाही. त्यांच्याकडे वाटेतल्या माणसांना विचारण्याचं साधन होतं, आणि ते आजही बिनचूक चालतं.

आणि आणखी एक प्रवास, ज्याचं नियोजन कुणीच केलं नव्हतं. मे २०२०, कोरोनाची टाळेबंदी. मुंबई–नाशिक रस्त्याने, हैदराबाद–नागपूर रस्त्याने हजारो कामगार गावी निघाले होते. कुणी पायी, कुणी शेवटचे पैसे घालून घेतलेल्या जुन्या सायकलींवर. नागपूरच्या वेशीवरच्या पांजरी टोलनाक्यापाशी लोकांनी मांडव घालून त्यांना जेवू घातलं, चपला दिल्या. गुरुग्रामहून एक पंधरा वर्षांची मुलगी जखमी वडिलांना कॅरियरवर बसवून दरभंग्यापर्यंत बाराशे किलोमीटर गेली. या देशात सायकलवर केलेले सर्वांत मोठे प्रवास ते होते. त्या सायकलींना गियर नव्हते, त्या माणसांनी महिना-महिना सराव केलेला नव्हता, आणि उन्हाळा ऐन भरात होता. हौसेने याच रस्त्यावर उतरणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. टोलनाक्यावर पाणी भरताना, ढाब्याच्या खाटेवर पडताना त्यांची आठवण यावी, आणि वाटेत लोखंडी सायकल ढकलत निघालेला कुणी कामगार भेटला तर आपण जोर मारून पुढे निघून जाऊ नये. त्याच्या बरोबरीने चार किलोमीटर जावं. त्या रस्त्यावरचे खड्डे, पाणवठे, सावल्या त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

*

शेवटचा टप्पा वाऱ्याचा. तिरुनेलवेली सोडून नागरकोविलच्या बाजूला वळलं की अरलवायमोळीच्या खिंडीत, मुप्पंदलला, पवनचक्क्यांचं रान उभं आहे. पावसाळ्यात तिथला वारा सायकलस्वाराला आडवा करू शकतो. जानेवारीत तो त्या मानाने निवळलेला असतो, तरी तो पट्टा सकाळी लवकर काढावा. कन्याकुमारीला समुद्रातल्या शिलेवरचं विवेकानंद स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते एकनाथजी रानड्यांच्या चिकाटीने, आणि रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. त्यांनीच पुढे उभारलेल्या विवेकानंद केंद्रात स्वस्तात राहायची सोय आहे, आणि तिथे ती आगाऊ ठरवून ठेवावी, कारण जानेवारीत यात्रेकरूंची गर्दी असते.

परतीचं तिकीट मात्र घाईने काढू नये. मदुराई मागे पडेपर्यंत पोचण्याची तारीख नक्की होत नाही. कन्याकुमारीहून पुण्याला थेट गाडी आहे. सायकल सामानाच्या डब्यातून न्यायची तर गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल कचेरीत जावं, आपलं तिकीट आणि ओळखपत्र दाखवून तिची पावती करावी. पुढची-मागची चाकं, गियर आणि हँडल गोणपाटात घट्ट बांधावं, पिशव्या, दिवे आणि बाटल्या काढून आपल्याबरोबर घ्याव्यात. विमानाने यायचं तर सायकल दुकानातून पुठ्ठ्याचा खोका मागून घ्यावा, हवा कमी करावी, पेडल काढावीत. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. पॉवरबँक हातातल्या पिशवीत. आणि आगगाडी असो वा विमान, नाव, फोन नंबर आणि उतरायचं ठिकाण जाड शाईने दोन ठिकाणी लिहावं, एकदा बांधलेल्या गोणपाटावर आणि एकदा आत, फ्रेमवरच चिकटवलेल्या कागदावर.